न शिजलेले बटाटे आणि बाष्पदाबाचा शोध

मार्च १८३५. अँडीज पर्वत ओलांडताना चार्ल्स डार्विनच्या सोबत्यांनी मुक्कामी बटाटे उकडत ठेवले. भांडं रात्रभर विस्तवावर होतं, सकाळी पुन्हा उकळी आणली, तरी बटाटे कच्चेच. भांडं नवं होतं. या मेल्याला बटाटे शिजवायचेच नाहीत, असा निकाल दोघांनी लावून टाकला. डार्विनला खरं कारण ठाऊक होतं: उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळत होतं. हा पापँच्या भांड्याच्या उलटा प्रकार, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

देनी पापँ हा फ्रेंच माणूस. १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने घट्ट झाकणाचं एक जाड भांडं मांडलं. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं. १६८२ मध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवणही घातलं. बैलाची हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती, अशी नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. भांडं फुटू नये म्हणून पापँने वजन लावलेली झडप बसवली. आपल्या कुकरच्या शिट्टीची ही पणजी. आजच्या कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांना पोचतं, महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात ९५-९६ अंशांवरच उकळतं, आणि लेहमध्ये ८८ च्या आसपास.

उकळण्याचा दाबाशी संबंध आहे हे असं लवकर कळलं. का आहे, हे कळायला मात्र शंभरावर वर्षं गेली, कारण बाष्पीभवनाचीच कल्पना चुकीची होती. पाण्यात मीठ विरघळावं तसं हवेत पाणी विरघळतं, असं माँपेलिएच्या शार्ल ल रॉयने १७५१ मध्ये मांडलं आणि ते बहुतेकांना पटलं. पण थोड्याच वर्षांत स्कॉटलंडमध्ये विल्यम कलेनने हवा उपसून काढलेल्या भांड्यात ईथर ठेवून पाहिलं. ते इतक्या झपाट्याने उडालं, की त्या गारठ्याने भोवतालचं पाणी गोठलं. हवाच नाही, तर ईथर विरघळलं कशात?

याचा निकाल मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०१ मध्ये लावला. त्याची पद्धत साधी होती. पाऱ्याच्या वायुदाबमापकात वरच्या टोकाला पोकळी असते. तिथे पाण्याचा थेंब सोडायचा. थोडं पाणी वाफ होतं आणि पारा खाली ढकलला जातो. जितका पारा उतरला तितका बाष्पदाब. वीस अंशांना पाण्यासाठी हा उतार साडेसतरा मिलिमीटर भरतो, ईथरसाठी सुमारे ४४०. तापमान वाढवत नेलं की पाण्याचा दाब १०० अंशांना ७६० मिलिमीटरवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या बरोबरीला येतो. ते उकळणं! शंभर हा आकडा पाण्याचा एकट्याचा नाही. त्यात हवेचाही वाटा आहे.

डाल्टनला आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते तीच मोठी. पोकळी असो की हवा, त्या तापमानाला बाष्पदाब तेवढाच. हवा बाष्प ‘धरून ठेवत’ नाही. फार तर त्याच्या पसरण्याला उशीर लावते. ‘गरम हवा जास्त बाष्प धरून ठेवते’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. ते ल रॉयचं भूत आहे. डाल्टनचं सगळंच बरोबर होतं असं नाही. उत्कलनबिंदूपासून सारख्या अंतरावर सगळ्या द्रवांचा बाष्पदाब सारखा, हा त्याचा नियम पुढे टिकला नाही. तापमानाबरोबर दाब किती वाढतो याचा हिशेब १८३४ मध्ये क्लापेराँने आणि १८५० मध्ये क्लाउझियसने अप्रकट उष्म्याशी, म्हणजे द्रवाची वाफ होताना लागणाऱ्या उष्णतेशी, जोडून दिला.

मग तापवत गेलं तर द्रव कुठवर द्रव राहतो? १८२२ मध्ये कान्यार द ला तूरने बंदुकीच्या नळीच्या तुकड्यात अल्कोहोल आणि गारगोटीची गोळी घातली, तोंड बंद केलं आणि तापवत, हलवत कान लावला. एका तापमानापुढे गोळीचा डुबुकडुबुक आवाजच थांबला. द्रव आणि वाफ यांतली सीमारेषा पुसली गेली होती. १८६९ मध्ये बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजने या मर्यादेला ‘क्रांतिक’ हे विशेषण दिलं. कार्बन डायऑक्साइडसाठी ती सुमारे ३१ अंश. त्यामुळे मे महिन्यातल्या नागपुरात, उन्हात राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात द्रवाचा पृष्ठभागच नसतो.

स्वयंपाकाच्या गॅसचं तसं नाही. प्रोपेन आणि ब्युटेन यांची क्रांतिक तापमानं ९० च्या पुढची. सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून आंच बघून गॅस किती उरलाय ते कळत नाही आणि पाहुणे यायच्या दिवशी तो अचानक जातो. त्यापेक्षा सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवावं: आत द्रव आहे तिथवरची ओल उशिरा वाळते.