ग्रायंडर नेताय? गार्डसकट न्या

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे हँड ग्रायंडर, ड्रिल मशीन, मार्बल कटर, ब्रेकर भाड्याने मिळतात आणि दुरुस्तही होतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतलं फेटलिंग (ओतीव मालाच्या कडा घासणं) असो, गावातली फॅब्रिकेशनची शेड असो किंवा फरशीचं काम, मशीन बिघडलं की ते आमच्या टेबलावर येतं. आणि टेबलावर आलेलं मशीन ते कसं वापरलं गेलं हे सगळं सांगतं. बटण चिकटपट्टीने दाबून बांधलेलं, साइड हँडल हरवलेलं, प्लगच्या जागी नुसत्या दोन उघड्या वायरी. सगळ्यांत जास्त वेळा दिसतं ते म्हणजे गार्ड, म्हणजे फिरत्या व्हीलवरचं (चकतीवरचं) पत्र्याचं झाकण, नसलेला चार इंची ग्रायंडर. म्हणून हे पत्रक मुख्यतः त्याच्याविषयी.

गार्ड का काढतात, ते आम्हाला कळतं. कोपऱ्यात व्हील पोचत नाही, अँगलच्या आतल्या बाजूला गार्ड अडतो. पण काही जण गार्ड काढतात ते घरात पडलेलं मोठं व्हील छोट्या मशीनवर चढवायला. हे सगळ्यांत घातक. चार इंची मशीन रिकामं फिरताना मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतं. तेव्हा व्हीलची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने पळत असते. चार इंची व्हीलवर साधारण १५,००० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे हाताशी चांगली शिल्लक आहे. पाच इंचीवर ती १२,२५० होते. सात इंचीवर फक्त ८,५००. शिवाय मोठ्या व्हीलचं भोकही मोठं असतं. ते वॉशर घालून बसवलं की व्हील मधोमध राहत नाही, थरथरतं आणि फुटतं. फुटलेले तुकडे व्हीलच्याच रेषेत सुटतात. त्या रेषेत तुमचा चेहरा, गळा किंवा मांडी असते, आणि मध्ये असतो तो फक्त गार्ड. म्हणून गार्डची बंद बाजू नेहमी आपल्याकडे ठेवा.

व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर तारीख असते, ती बघायची सवय लावा. हे व्हील रेझिनने बांधलेलं असतं. बनल्यापासून तीन वर्षांनी त्याची मुदत संपते, आणि पावसाळ्यात दमट जागी पडून राहिलं तर त्याआधीही ते कमकुवत होतं. हातातून फरशीवर पडलेलं व्हील चांगलं दिसलं तरी टाकून द्या. एका व्हीलची किंमत एका चहा-नाश्त्याएवढी आहे. नवीन व्हील लावलं की मशीनचं तोंड माणसांपासून वळवून मिनिटभर रिकामं फिरवा, मग कामाला लावा. आणि पातळ कटिंग व्हीलच्या बाजूने बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत कड) घासू नका. त्यासाठी जाड ग्रायंडिंग व्हील वेगळं मिळतं.

मशीन उसळतं ते का?

पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतला, असं समजा. अर्ध्यापर्यंत कट गेला की पाइप स्वतःच्या वजनाने खाली वाकतो, कटचं तोंड मिटतं आणि व्हील आत आवळलं जातं. त्या क्षणी मशीन हातातून उलटं उसळतं. एका हाताने धरलेलं असेल तर ते सावरणं शक्यच नाही. उपाय सोपा आहे. जो तुकडा तुटून पडणार तो मोकळा लटकू द्या, म्हणजे कट उघडत जाईल. माल व्हाइसमध्ये किंवा सी क्लॅम्पने पक्का धरा, पायाखाली दाबून नको. साइड हँडल लावा, दोन्ही हात मशीनवर ठेवा आणि व्हीलच्या रेषेपासून अंग जरा बाजूला घ्या.

बटण बांधून ठेवणाऱ्यांना एक विनंती. काम करता करता लाईट जाते. आपण मशीन खाली ठेवतो, पाणी प्यायला जातो. लाईट परत येते आणि ग्रायंडर जमिनीवर आपोआप सुरू होऊन नाचायला लागतो. लाईट गेली की आधी बटण बंद करा आणि प्लग काढा. व्हील बदलतानाही प्लग काढायचाच. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढायची.

डोळे

आमच्याच दुकानात एका कारागिराच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. गॉगल टेबलावर, हाताच्या अंतरावर होता. एकच कट मारायचा होता, म्हणून त्याने घातला नाही. दिवसभर पाण्याने धुऊन बघितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कण काढला, पण तोवर बुबुळावर गंजाचं कडं धरलं होतं, ते काढायला पुन्हा जावं लागलं. म्हणून सांगतो, रुमालाचं टोक, काडी असलं काही डोळ्यात घालू नका, चोळू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. साधा नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल लागतो. १९४८ साली कारखाना कायदा झाला तेव्हाच त्यात डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम ३५ घातलं होतं.

वीज, धूळ, ठिणग्या

साइटवरच्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच, लावून घ्या. एमसीबी (जादा लोडला पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंगची पिन नसते. पण म्हणून ते पावसात चालवायचं नाही. खूण नसेल तर तिसरी पिन तोडू नका. एक्सटेंशनची गुंडाळी पूर्ण सोडूनच वापरा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. लांबवर न्यायची असेल तर वायर जाड घ्या. बारीक वायरीने व्होल्टेज पडतं आणि आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) जळून मशीन आमच्याकडे येतं.

फरशी, ग्रॅनाइट, काँक्रीट कोरडं कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क लावा. पाणी मारून कापायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं मशीन मागा.

ऊस हंगामाच्या तोंडावर शेतातच ट्रॉली दुरुस्तीला काढणाऱ्यांनी आजूबाजूचं पाचट आणि डिझेलचा कॅन आधी लांब करावा. ठिणगी पाचटात आत धुमसत राहते. काम संपल्यावर अर्ध्या तासाने तिथे एकदा फेरी मारा.

ड्रिल चालवताना सैल सुती हातमोजे, गमछा, ओढणी नको. फिरता बिट ते क्षणात गुंडाळतो.

आमच्याकडून नेलेल्या प्रत्येक ग्रायंडरबरोबर गार्ड, साइड हँडल, पाना आणि गॉगल मिळतो. तुमच्या स्वतःच्या मशीनचा गार्ड हरवला असेल तर मशीन घेऊन या, बसेल तो बघून लावून देऊ. आणि गार्ड अडतो अशा कोपऱ्याचं काम असेल तर नेतानाच सांगा. त्याला लांब नाकाचा डाय ग्रायंडर लागतो, तोही आमच्याकडे भाड्याने आहे.