सिनॅप्स : आधी नाव, मग दर्शन

‘सिनॅप्स’ म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा. हा शब्द १८९७ मध्ये एका पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा ती जागा कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तो वापरात आणणारे होते इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन (१८५७–१९५२).

तेव्हा वाद रंगला होता. इटलीचे शास्त्रज्ञ गोल्जी म्हणत, मेंदू हे सलग विणलेले जाळे आहे. स्पेनचे काहाल सूक्ष्मदर्शकातली चित्रे दाखवून सांगत, प्रत्येक चेतापेशी सुटी आहे. शेरिंग्टन यांनी संदेशाच्या चालीकडे लक्ष दिले. नुसत्या चेतातंतूतून संदेश दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. मेरुरज्जू ओलांडताना मात्र तो एकाच दिशेने जातो, आणि तिथे थोडा रेंगाळतो. म्हणजे वाटेत सांधा असलाच पाहिजे. ती सुमारे २० नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली ती १९५० च्या दशकात.

पण केवळ या शब्दासाठी त्यांची आठवण ठेवणे मला अपुरे वाटते. त्यांचे खरे देणे म्हणजे ‘अवरोधा’चा, म्हणजे संदेश थोपवण्याचा विचार. गुडघा वाकतो तेव्हा मांडीच्या मागचे स्नायू आखडतात आणि पुढचे सैल पडतात. हे सैल पडणे आपसूक होत नाही. त्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींना मेरुरज्जूतच थोपवले जाते. थांबवणे हेही चेतासंस्थेचे कामच आहे! प्रत्येक चेतापेशीकडे ‘चल’ आणि ‘थांब’ असे दोन्ही संदेश येतात आणि त्यांची गोळाबेरीज होऊन निर्णय ठरतो. १९०४ मध्ये येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून त्यांनी हे मांडले. १९०६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. नोबेल मिळायला १९३२ उजाडले, तेही एड्गर एड्रियन यांच्यासोबत.

दरम्यान ऑक्सफर्डची त्यांची प्रयोगशाळा मेंदू-संशोधकांचे माहेरघर झाली होती. रुग्ण जागा असताना शस्त्रक्रिया करून मेंदूचा नकाशा काढणारे पेनफील्ड तिथेच शिकले, दृष्टीचे संशोधक ग्रॅनिटही आणि जॉन एकल्सही.

सिनॅप्समध्ये संदेश विजेनेच उडी घेतो, असे एकल्स वर्षानुवर्षे हिरिरीने मांडत. १९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी मांजराच्या मेरुरज्जूतील चेतापेशीत सूक्ष्म इलेक्ट्रोड घातला. ‘थांब’ संदेश येताच पेशीतला विद्युतदाब आणखी ऋण झाला. त्यांच्या सिद्धान्तानुसार तो उलटा जायला हवा होता. रासायनिक दूताखेरीज, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या रसायनाखेरीज, दुसरे उत्तर उरले नाही, आणि एकल्स यांनी आपले मत बदलले. पुढच्याच मार्चमध्ये शेरिंग्टन गेले.