प्रवाह-चढउतार, पुंज संवाहकांतील

विद्युत् दाब लावलेल्या अतिसूक्ष्म संवाहकातील प्रवाहाचे सरासरीभोवती होणारे यादृच्छिक चढउतार. यांना नॉइज म्हणतात. असा पुंज संवाहक इतका लहान असतो की इलेक्ट्रॉन तो पार करेपर्यंत त्याच्या तरंगाची कला (आंदोलनातील टप्पा) बहुधा टिकून राहते.

औष्णिक नॉइज दाब नसतानाही असतो. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याची उपपत्ती दिली. संवाहकता व तापमान यांपलीकडे त्यातून काही कळत नाही. शॉट नॉइज मात्र प्रवाह वाहत असतानाच उद्‌भवतो, कारण विद्युत् भार सुट्या कणांनी येतो. शॉट्की यांनी १९१८ मध्ये निर्वात नलिकांसाठी त्याची वर्णपटीय घनता (दर हर्ट्‌झ पट्ट्यामागील तीव्रता) इलेक्ट्रॉनाचा भार व सरासरी प्रवाह यांच्या गुणाकाराच्या दुप्पट काढली. १ नॅनोअँपिअर प्रवाहात सेकंदाला सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन जातात, तरी हा नॉइज एक हर्ट्‌झ पट्ट्यात जेमतेम १८ फेम्टोअँपिअर भरतो. प्रवर्धकाचा स्वतःचा नॉइज त्याला सहज झाकून टाकतो. म्हणून एकच संकेत दोन प्रवर्धकांतून घेऊन त्यांतील सामाईक भाग तेवढा उचलतात.

पुंज संवाहकात शॉट्कींचे मूल्य क्वचितच पूर्ण मिळते. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो, या पाउली तत्त्वामुळे इलेक्ट्रॉन शिस्तीने येतात. अनिश्चितता उरते ती प्रत्येक जण पलीकडे जाईल की परतेल एवढीच. परिणामी प्रत्येक मार्गिकेचा (इलेक्ट्रॉन-तरंगाच्या स्वतंत्र वाटेचा) नॉइज पारगमन (पलीकडे जाण्याची) संभाव्यता व परावर्तन (परतण्याची) संभाव्यता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. पूर्ण उघडी मार्गिका त्यामुळे निःशब्द असते. बिंदुस्पर्शात (अतिअरुंद जोडवाटेत) मार्गिका एकेक करून उघडतात व संवाहकता पायऱ्यांनी वाढते; त्या पायऱ्यांवर नॉइज घटतो, हे १९९५ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेत आणि १९९६ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथील प्रयोगशाळेत स्पष्ट दिसले. मार्गिकांच्या नॉइजच्या या सूत्राचे श्रेय ख्लुस (१९८७), लेसोविक (१९८९) व ब्यूटिकर (१९९०) यांना विभागून देणे योग्य. कालक्रमाने ख्लुस आधी, पण अनेक टोकांच्या संवाहकांना लागू पडणारी मांडणी ब्यूटिकर यांची.

अशुद्ध धातूच्या तारेत हा नॉइज शॉट्की मूल्याच्या एक तृतीयांश असतो. या अंकाचे मूळ वादग्रस्त ठरले. बेनाकर व ब्यूटिकर यांनी १९९२ मध्ये तो पारगमन संभाव्यतांच्या वाटणीतून काढला, तेव्हा तो कलासुसंगतीचा (तरंगाची कला टिकून राहण्याचा) परिणाम वाटणे स्वाभाविक होते. त्याच वर्षी नागाएव यांनी कलेचा विचारच न करता, अर्धअभिजात गतिज समीकरणावरून तोच अंक मिळवला. पुढील विवेचनांचा कल कलासुसंगती अनावश्यक मानण्याकडे आहे आणि तो अधिक पटतो. तरीही दोन्ही वाटांत पाउली तत्त्व गृहीत आहेच. तार लांब असून इलेक्ट्रॉन आपसांत ऊर्जा वाटून घेऊ लागले, तर नॉइजचे शॉट्की मूल्याशी असलेले गुणोत्तर एक तृतीयांशाऐवजी सुमारे ०.४३ होते. तार आणखी लांबवली, की जालकाची (धातूतील अणूंच्या मांडणीची) कंपने ऊर्जा शोषतात व शॉट नॉइज मावळतो. मोठ्या तारेत तो आढळत नाही तो यामुळेच. ०.३३ व ०.४३ यांतील फरक थोडा असल्याने टोकांचे धातूचे तुकडे तापू न देणे हीच मापनातील खरी मेख आहे.

नॉइज भाराच्या प्रमाणात असल्याने वाहकाचा भारही त्यावरून मोजता येतो. अंशात्मक हॉल अवस्थेतील (तीव्र चुंबकीय क्षेत्रातील पातळ इलेक्ट्रॉन-थराच्या एका अवस्थेतील) वाहकांचा, इलेक्ट्रॉनाच्या एक तृतीयांश, भार १९९७ मध्ये साक्ले व वाइझमन येथील गटांनी असाच दाखवला.

दाब कालानुसार बदलत असेल, तर इलेक्ट्रॉन क्षेत्राकडून ऊर्जापुंज घेतात वा देतात आणि इलेक्ट्रॉन-विवर जोड्या निर्माण होतात (विवर म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा). सरासरी प्रवाहात या जोड्या दिसत नाहीत, नॉइजमध्ये दिसतात. लेविटोव्ह, ली व लेसोविक यांनी १९९६ मध्ये दाखवले, की लोरेन्ट्झ आकाराच्या (एका शिखराच्या, दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जाणाऱ्या) स्पंदाचे दाब-काल क्षेत्रफळ प्लांक स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनभार याच्या पूर्ण पटीत ठेवल्यास अशी एकही जोडी उद्‌भवत नाही. साक्ले येथे २०१३ मध्ये ही स्पंदने प्रत्यक्षात आली. त्यांना लेविटॉन म्हणतात, आणि जादा नॉइज नसणे हाच त्यांचा पुरावा मानला गेला.