बंदी प्रत्यक्षीकरण (हेबिअस कॉर्पस)

कोणत्याही व्यक्तीला डांबून ठेवणाऱ्याने ती कोणत्या अधिकाराने डांबली आहे हे न्यायालयाला दाखवावे, आणि ते दाखवता न आल्यास तिला सोडावे, असा उच्च न्यायालयाचा वा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. भारतात संविधानाच्या अनुच्छेद 226 अन्वये उच्च न्यायालये व अनुच्छेद 32 अन्वये सर्वोच्च न्यायालय हा आदेश देते. बंदिवान निर्दोष आहे की दोषी, याचा निवाडा यात होत नाही. प्रश्न विचारला जातो तो कोंडणाऱ्याला. संशय ज्याने घेतला त्यानेच तो खरा ठरवू नये, कारण आपण कोंडलेला माणूस कोंडण्यालायकच होता असे प्रत्येक अधिकाऱ्याला मनापासून वाटत असते, ही मनुष्यस्वभावाची जाण या उपायाच्या मुळाशी आहे. अधिकारी दुष्ट असतो असे यात गृहीत धरलेले नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या बाबतीतही हा उपाय तितकाच लागतो.

उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. इंग्लंडच्या 1215 च्या सनदेतील एकोणचाळिसाव्या कलमातून हा आदेश निघाला, असे जुन्या ग्रंथांत सरसकट लिहिलेले आढळते. ते कलम स्वतंत्र माणसाला देशाच्या कायद्याखेरीज बंदीत टाकण्यास मनाई करते हे खरे. परंतु तेराव्या शतकातील याच नावाचे आदेश बहुतेक वेळा प्रतिवादीला किंवा साक्षीदाराला न्यायालयात आणवण्यासाठी काढलेले दिसतात. कायद्याचे इतिहासकार एडवर्ड जेंक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच असे मत मांडले की, आदेशाचा मूळ हेतू माणसांना तुरुंगातून सोडवण्याचा नव्हे तर तुरुंगात घालण्याचा होता. पॉल हॅलिडे यांनी अलीकडे राजाच्या न्यायपीठाचे जुने दप्तर चाळून दाखवले की, सोळाव्या-सतराव्या शतकांत हा आदेश राजाच्या विशेषाधिकाराचा भाग होता: आपल्या नावाने आपल्या प्रजाजनाला कोण, कुठे आणि का अडकवून ठेवतो, हे राजाच्या वतीने न्यायाधीश विचारीत. हे मत अधिक पटणारे आहे. स्वातंत्र्याची हमी म्हणून आज ओळखला जाणारा हा उपाय एका सत्ताधाऱ्याने दुसऱ्याकडून हिशेब मागण्याच्या सवयीतून वाढला, असे मानले तर त्याचा पुढचा इतिहास, विशेषतः मुंबई इलाख्यातला, नीट उलगडतो.

1627 च्या पाच सरदारांच्या खटल्यात ‘राजाची खास आज्ञा’ एवढेच कारण न्यायालयाने पुरेसे मानले. 1628 च्या हक्कांच्या अर्जाने व 1640 च्या कायद्याने ती पळवाट बुजवली. 1679 च्या कायद्याने उत्तर देण्याच्या मुदती, अंतरानुसार दिवस आणि टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला दंड ठरवून दिला. नवा हक्क या कायद्याने दिला नाही. जुन्या हक्काला मुदत आणि दंड जोडला, आणि त्याचे खरे महत्त्व त्यातच आहे.

पेशवाईत अटक, नजरकैद आणि अदबखाना यांचे उल्लेख विपुल आहेत. सुटका जामिनावर, रदबदलीवर किंवा दंड भरून होई. कोंडलेल्याच्या वतीने तिऱ्हाइताने जाऊन ‘याला समोर आणवा’ असे मागण्याची ठरलेली वाट दिसत नाही. 1791 मध्ये पुण्यात घाशीराम कोतवालाने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले. कोतवालाला शिक्षा झाली ती लोक खवळल्यानंतर. दार उघडण्याची आज्ञा वेळेत देणारे कोणी नव्हते.

मराठी मुलखात हा आदेश गाजला तो 1828 च्या मोरो रघुनाथ प्रकरणात. पुण्यातील या अल्पवयीन मुलाला त्याचा नातलग पांडुरंग रामचंद्र याच्या ताब्यातून हजर करावे, असा आदेश मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने (ब्रिटिश राजाच्या नावाने चालणाऱ्या) काढला. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो अमलात आणू दिला नाही. मुख्य न्यायाधीश एडवर्ड वेस्ट आणि चार्ल्स चेंबर्स त्याच वर्षी वारल्याने न्यायपीठावर एकटे जॉन पीटर ग्रँट उरले होते. आदेश धुडकावला जात असेल तर न्यायालय चालवण्यात अर्थ नाही, असे म्हणून त्यांनी एप्रिल 1829 मध्ये न्यायालयाचे कामकाजच बंद केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचे अखेरचे अपील न्यायपीठ) त्याच वर्षी कंपनी सरकारच्या बाजूने निर्णय दिला: मुंबई शहराबाहेरच्या, न्यायालयाच्या कक्षेत न येणाऱ्या रहिवाशांवर असा आदेश चालत नाही. ग्रँट यांना स्वातंत्र्याचे कैवारी म्हणून रंगवण्याची प्रथा आहे. प्रकरणाची कागदपत्रे पाहता हा प्रामुख्याने न्यायालय आणि कंपनी यांच्यातील अधिकाराचा झगडा होता. मुलाचे हित दोन्ही पक्षांच्या लिखाणात मागेच पडलेले आहे.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 491 मध्ये हा उपाय लेखी कायद्यात होता, पण आरंभी तो इलाखा शहरांतील उच्च न्यायालयांपुरता होता. 1923 च्या दुरुस्तीने तो सर्व उच्च न्यायालयांना मिळाला. या कलमातील शब्दरचना महत्त्वाची आहे: सरकारी किंवा खासगी ताब्यात ‘बेकायदा अथवा गैररीतीने’ ठेवलेल्या व्यक्तीस मुक्त करण्याचा अधिकार. ‘गैररीतीने’ या शब्दामुळे हुकूम वरकरणी बिनचूक असला तरी तो कसा काढला हे तपासता येऊ लागले. नागपूर उच्च न्यायालय जानेवारी 1936 मध्ये स्थापन झाले तेव्हा हे कलम त्याच्या हाती होते.

दुसऱ्या महायुद्धातील भारत संरक्षण नियमांमुळे, आणि विशेषतः 1942 च्या ऑगस्टनंतर, मध्य प्रांत व वऱ्हाडातून स्थानबद्धांचे अर्ज नागपुरात येऊ लागले. त्या आधीच्याच वर्षी इंग्लंडच्या लॉर्ड सभेने (तेथील तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ) लिव्हरसिज प्रकरणात ठरवले होते की, मंत्र्याला ‘वाजवी कारण’ आहे असे मंत्र्याला वाटले की झाले. लॉर्ड ॲटकिन एकटेच विरोधात होते. हिंदुस्थानातील न्यायालयांनी त्याच मार्गाने जावे अशी सरकारी वकिलांची अपेक्षा असे. नागपूर उच्च न्यायालय तसे गेले नाही. न्या. व्हिव्हियन बोस यांचे या काळातील निवाडे वकीलवर्ग आजही काढून वाचतो.

यांत विमलाबाई देशपांडे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे. भारत संरक्षण नियमांतील नियम 129 खाली, सार्वजनिक सुरक्षेला बाधक वागणुकीचा ‘वाजवी संशय’ असलेल्या व्यक्तीस पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय पकडू शकत असे. प्रांतिक सरकारच्या हुकमाशिवाय 15 दिवस आणि कोणत्याही परिस्थितीत एकूण दोन महिने अशी ताब्याची मर्यादा होती. त्यानंतर सरकार पुढचा हुकूम काढू शके. सरकारचे म्हणणे असे की, पुढचा हुकूम निघाल्यावर मूळ अटक तपासण्याचे कारण उरत नाही. नागपूर न्यायालयाने ते नाकारून स्थानबद्धाला सोडले, आणि प्रिव्ही कौन्सिलने 1946 मध्ये तो निर्णय उचलून धरला. प्रिव्ही कौन्सिलच्या विवेचनाचे दोन भाग आहेत. संशय वाजवी होता हे सिद्ध करण्याचा भार पकडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर आहे, नुसता ‘मला संशय आला’ असा जबाब पुरत नाही. आणि सरकारचा पुढचा हुकूम कायदेशीरपणे पकडलेल्या माणसाबाबतच काढता येतो, म्हणून पायाच खचला तर वरचा हुकूमही टिकत नाही. मंत्र्याच्या विवेकाला दिलेली सूट शिपायाच्या संशयाला मिळणार नाही, हा भेद नागपूरच्या या प्रकरणातून पक्का झाला.

बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 1951 च्या एस. कृष्णन प्रकरणात त्यांनी बहुमतापासून अंशतः फारकत घेतली आणि तरतुदीचे दोन अर्थ निघत असतील तर नागरिकाच्या स्वातंत्र्याला अनुकूल तो घ्यावा अशी भूमिका मांडली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेबरोबर नागपूर उच्च न्यायालय संपले आणि विदर्भासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आले. कायद्याच्या दृष्टीने जुन्या न्यायालयाचा वारसा मात्र जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे गेला. खंडपीठाच्या काळातील पहिले मोठे प्रकरण हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1962) हे होय. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली काढलेला हुकूम आणि त्याची कारणे इंग्रजीत होती. स्थानबद्धाने इंग्रजी येत नसल्याचे सांगून हिंदी प्रत मागितली, ती मिळाली नाही. अधिकाऱ्याने कारणे तोंडी समजावून सांगितली होती, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. अनुच्छेद 22(5) नुसार कारणे ‘कळवणे’ म्हणजे ज्या भाषेत आणि लिपीत माणूस वाचून समजू शकतो त्यात लेखी देणे, असे ठरवून त्याला मुक्त केले. पानेच्या पाने असलेली कारणे एकदा ऐकून त्यांविरुद्ध निवेदन लिहिणे कोणालाही जमण्याजोगे नाही, हे त्यामागचे साधे वास्तव आहे.

आणीबाणीत, मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित करणाऱ्या 27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतरही अनेक उच्च न्यायालयांनी मिसाखालील (अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील) स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात असे ठरवले. त्यांत नागपूर खंडपीठ होते, तसेच जबलपूरचे न्यायालयही. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक मतांनी हे सर्व निर्णय फिरवले; न्या. हंसराज खन्ना यांचे एकट्याचे मत विरोधात पडले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 20 व 21 (शिक्षेबाबतचे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे केले. 1976 चा निर्णय औपचारिकपणे रद्द होण्यास 2017 च्या, खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी निकालापर्यंत थांबावे लागले.

आज नागपूर खंडपीठापुढे विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून येणाऱ्या अशा याचिकांत मोठा भाग महाराष्ट्राच्या 1981 च्या धोकादायक व्यक्तींविषयीच्या कायद्याखालील, म्हणजे बोलीत ‘एमपीडीए’च्या, हुकमांविरुद्ध असतो. हुकूम पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी काढतात. राज्य शासनाने तो 12 दिवसांत मंजूर करावा लागतो, कारणे सर्वसाधारणपणे 5 दिवसांत द्यावी लागतात, तीन आठवड्यांत प्रकरण स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाकडे जावे लागते आणि कमाल मुदत 12 महिने असते.

याचिका फौजदारी रिट म्हणून दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाते. स्थानबद्ध स्वतः, पत्नी, आई, भाऊ किंवा मित्र ती दाखल करू शकतो. वकीलपत्रावर स्थानबद्धाची सही हवी असल्यास ती कारागृह अधीक्षकांमार्फत घेतात. प्रतिवादी म्हणून शासनाचा गृह विभाग, हुकूम काढणारा अधिकारी आणि कारागृह अधीक्षक, तिघेही घालावेत. अधीक्षकांना वगळले तर स्थानबद्धाचे हुकमाविरुद्धचे निवेदन त्यांच्या हाती कधी पडले आणि पुढे कधी गेले याचा हिशेब कोणी देत नाही. सोबत हुकूम, कारणे, बजावणीच्या वेळी दिलेला कागदांचा पूर्ण संच आणि केलेल्या निवेदनाची पोच जोडतात. संच मिळाला तसाच, पानांचा क्रम न बदलता जोडावा. कोणते पान वाचता येत नाही, कशाचे मराठी भाषांतर नाही, हे त्यावरूनच दाखवायचे असते. उत्तराचे शपथपत्र हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः करणे अपेक्षित असते. समाधान त्याचे होते, म्हणून खुलासाही त्याचाच लागतो.

हुकूम कोसळतात ते बहुधा ठरावीक ठिकाणी. शेवटचा गुन्हा आणि हुकूम यांत महिने गेले असतील आणि त्याचे कारण सांगितले नसेल तर दोहोंतील जिवंत दुवा तुटला असे म्हणतात. गोपनीय जबाब वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्षीदाराला भेटून पडताळलेले नसतात, किंवा पडताळणीचा शेरा संचातील प्रतीवर उमटलेलाच नसतो. माणूस आधीच तुरुंगात आहे किंवा त्याला जामीन मिळाला आहे, हे हुकूम काढणाऱ्यापुढे ठेवलेले नसते. निवेदनावर निर्णय घेताना मधले दिवस रिकामे जातात. सुट्ट्या वगळून प्रत्येक टेबलावरच्या दिवसांचा खुलासा न आल्यास तेवढ्यावर सुटका होऊ शकते. हे दोष तांत्रिक आहेत असा आक्षेप नेहमी घेतला जातो. खटला न चालवता वर्षभर कोंडण्याचा अधिकार ज्या अटींवर दिला आहे त्या अटी म्हणजेच हे ‘तांत्रिक’ दोष, त्यामुळे तो आक्षेप ग्राह्य वाटत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. बारा महिन्यांची मुदत संपेपर्यंत याचिका सुनावणीला आली नाही तर ती निरर्थक ठरते. म्हणून दाखल करताना हुकमाची मुदत कधी संपते ती तारीख पहिल्याच परिच्छेदात लिहावी आणि लवकर सुनावणीसाठी स्वतंत्र विनंती करावी.

सक्षम न्यायालयाने विचारपूर्वक दिलेल्या कोठडीविरुद्ध हा मार्ग सहसा चालत नाही. तिथे जामीन मागावा. बंदिवानाला प्रत्यक्ष उभे करणे आता अनिवार्य नाही (कनू सन्याल, 1973), कागदांवरूनही कायदेशीरपणा ठरतो. बेपत्ता व्यक्ती, घरच्यांनी अडवून ठेवलेली सज्ञान मुलगी आणि बालकांचा ताबा या प्रकरणांत मात्र हजेरी महत्त्वाची असते. सज्ञान मुलीशी न्यायमूर्ती बहुधा आपल्या दालनात, नातलगांना बाहेर ठेवून बोलतात.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत सल्लागार मंडळाच्या मताशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारी तरतूदही होती. ती लागू करण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही. अनुच्छेद 22(4) मध्ये तीन महिनेच कायम आहेत.