'रन'चा पसारा

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, असं विचारलं की सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतलं ठरलेलं उत्तर येतं: 'सेट'. ते चुकीचं नव्हतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९मध्ये निघाली, तेव्हा 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ भरले होते आणि त्या एका नोंदीला सुमारे साठ हजार शब्द लागले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी सगळ्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या, आणि २०११मध्ये 'रन'ने बाजी मारली. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ! ते लावण्यात कोशकार पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने गेले.

अर्थात हे आकडे फार डोक्यावर घेऊ नयेत. एखादी छटा स्वतंत्र मोजायची की आधीच्या अर्थात ढकलायची, हे शेवटी कोशकारच ठरवतो. दुखणं मात्र जुनं आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ज्या सैल, कशालाही चिकटणाऱ्या क्रियापदांनी घाम फोडला त्यांची यादीच दिली आहे. गेट, गिव्ह, पुट, सेट, मेक, टेक यांच्याबरोबर त्या यादीत 'रन'ही आहे.

'रन' इतका पसरला याचं बीज त्याच्या मुळातच आहे. जुन्या इंग्रजीत दोन सख्खी क्रियापदं होती. एकाचा अर्थ स्वतः धावणं किंवा वाहणं, दुसऱ्याचा घोडा दौडवणं. पुढे ती एकमेकांत मिसळली, त्यात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या 'रेन्ना'ची भर पडली, आणि आजचं 'रन' हे रूप सोळाव्या शतकात रुळलं. म्हणजे पाणी वाहणं हा काही धावण्यावरून नंतर सुचलेला अलंकार नाही, तो पहिल्यापासूनचाच अर्थ आहे. जर्मनमध्ये याच कुळातलं 'रिनेन' आजही वाहण्या-ठिबकण्यालाच वापरतात. नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, मेण ओघळतं, या सगळ्याला इंग्रजीत 'रन' चालतो तो त्यामुळे.

दुसऱ्याला पळवण्याचा अर्थही तितकाच कामाला आला. आधी घोडा, मग यंत्रयुगात गिरणी, आगगाडी, कारखाना, आणि विसाव्या शतकात संगणकावरचा प्रोग्राम. मराठीत यातलं बहुतेक सगळं 'चालवणे'कडे जातं. वाहणं, पळणं, धावणं यांची खाती आपण वेगळी ठेवली आहेत. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो, आपल्यासारखाच! पायमोज्याची वीण उसवत गेली की अमेरिकी बाई त्याला 'रन' म्हणते, ब्रिटिश बाई 'लॅडर'. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावा लिहीत नसत, काठीवर खाचा पाडून मोजत. आपल्याकडे हा 'रन' खेळाबरोबर आला आणि धाव, धावसंख्या, धावचीत अशी मराठी वस्त्रं घालून बसला.

यमकांची गोष्ट याहून गमतीची आहे. सन, फन, गन ही सरळ मंडळी. पण मुलगा या अर्थाचा 'सन', वजनाचा 'टन', 'डन' आणि 'वन' यांच्या स्पेलिंगमध्ये चक्क 'ओ' आहे, तरी ती 'रन'शी बिनचूक जुळतात. मुलाच्या 'सन'मध्ये मुळात 'यू'च होता. मध्ययुगीन लेखनिकांच्या वळणात यू, एन, एम ही अक्षरं सारख्याच उभ्या फटकाऱ्यांनी काढलेली असत. ती शेजारी आली की पाच-सहा नुसत्या रेघा दिसायच्या, कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळायचं नाही. म्हणून अशा जागी 'यू' काढून 'ओ' लिहायची पद्धत पडली. लव्ह, कम, मंक, हनी यांतला 'ओ' तिथलाच.

बी-यू-टी 'बट' तर पी-यू-टी 'पुट' का, हे शाळेत कुणाला पडलेलं नाही? पूर्वी दोन्हींत ऱ्हस्व 'उ'च होता. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिणेत तो बहुतेक शब्दांत आपल्या 'अ'कडे सरकला. पुट, फुल, बुल यांसारख्या काही शब्दांत, विशेषतः ओठांनी उच्चारायच्या व्यंजनापुढे, तो टिकून राहिला. नियम कडक नाही, 'बट'मध्येही ओठ मिटतातच. उत्तरेत हा बदल पोचलाच नाही, त्यामुळे लीड्स-मँचेस्टरकडच्या जुन्या बोलीत 'रन' ऐकायला 'रुन'च्या जवळ जातो. आपल्याला कप, पंप, रन असे 'अ'कारी शब्द मिळाले, कारण ते आले तोवर दक्षिणेतला उच्चारच प्रतिष्ठित झाला होता.

'वन'चा 'व' तर स्पेलिंगमध्ये कुठेच नाही. तो बोलीतून आत शिरला आणि प्रमाण होऊन बसला. त्याच मुळातल्या 'अलोन' आणि 'ओन्ली' यांनी जुना स्वर सोडला नाही. शेक्सपिअरच्या छत्तिसाव्या सुनीतात 'वन'चं यमक 'अलोन'शी जुळवलेलं आहे. आज वाचताना तिथे अडखळायला होतं. १६०९मध्ये ते छापलं गेलं तेव्हा कानाला त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं.