हात मागे घेण्याचे शास्त्र

अपंगत्व असलेल्या मुलाला रोजच्या व्यवहारात येणारी प्रत्येक अडचण त्याच्या शरीरातील किंवा मेंदूतील मूळ दोषामुळेच येते, असे आपण सहसा धरून चालतो. ते पूर्णपणे खरे नाही, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९२०च्या दशकातच मांडले होते. अंध, कर्णबधिर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा अभ्यास करताना त्यांनी अडचणींचे दोन थर वेगळे काढले. पहिला थर जैविक दोषाचा. दुसरा थर त्या दोषामुळे मूल ज्या अनुभवांना मुकते आणि भोवतालची माणसे त्याच्याशी जशी वागतात, त्यांतून पुढे तयार होणारा. स्नायू कडक असल्यामुळे शर्टाचे बटण काजात जात नाही, हा पहिला थर. आई शर्ट घेऊन समोर आली तरी नऊ वर्षांचे मूल हात पुढे करत नाही, कारण तो हात उचलून बाहीत घातला जाणार हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते, हा दुसरा थर. पहिल्यावरचे उपाय बऱ्याचदा मर्यादित असतात. दुसरा मात्र शिक्षणाने बदलता येतो, असे विगोत्स्की यांचे म्हणणे होते.

हा दुसरा थर बहुतेक घरांत प्रेमातून आणि घाईतून तयार होतो. शाळेची बस साडेसातला यायची असते, धाकट्या भावंडाचा डबा व्हायचा असतो, आणि मुलाने स्वतः चड्डी चढवायची म्हटले तर तेवढ्यातच पंधरा-वीस मिनिटे जातात. अशा वेळी ते काम झटक्यात उरकणाऱ्या आईला दोष देणे अन्यायाचे आहे. आजी वरण-भात कालवून भरवते तेव्हा नातू उपाशी राहू नये एवढेच तिच्या मनात असते. परंतु शिकणाऱ्या मेंदूच्या दृष्टीने भरवलेला प्रत्येक घास ही सरावाची हुकलेली संधी असते, आणि सराव न मिळालेले कौशल्य केवळ वय वाढले म्हणून येत नाही.

वापर थांबला की क्षमता असूनही ती कशी झाकली जाते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकन संशोधक एडवर्ड टाउब यांच्या कामातून मिळाला. माकडाच्या एका हाताच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या की ते माकड तो हात वापरणे सोडून देते. पण चांगला हात काही काळ बांधून ठेवला, तर ‘निकामी’ वाटणारा हात पुन्हा कामाला लागतो. याचा अर्थ हालचाल करण्याची क्षमता संपलेली नव्हती. सुरुवातीच्या काळात प्रयत्न पुन्हा पुन्हा फसल्यामुळे माकड तो हात न वापरायला शिकले होते. या निरीक्षणातून पुढे सेरेब्रल पाल्सीमुळे (लहान वयातच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) शरीराची एक बाजू अधू असलेल्या मुलांसाठी उपचारपद्धती तयार झाली. तीत चांगल्या हाताला ठरावीक काळ हातमोजा किंवा स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा आधार) घालून अधू हाताकडून खेळ आणि कामे भरपूर करून घेतली जातात. (हा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असतो, घरी मुलाचा हात बांधून ठेवू नये.) नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांत एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: तितकेच तास दोन्ही हातांनी करायच्या कामांचा सराव दिला, तर लाभ जवळपास तेवढाच होतो. म्हणजे किमया हात बांधण्यात नाही. मुलाने स्वतः किती वेळा आणि किती वेळ प्रयत्न केला, त्यात आहे.

ऑस्ट्रेलियातील इओना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांच्या पुराव्यांचा मोठा आढावा घेतला आणि २०२० मध्ये तो अद्ययावत केला. त्यांचा निष्कर्ष आपल्याकडच्या पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. मुलाचे हातपाय दुसऱ्याने हलवायचे, अशा पद्धतींनी कौशल्य वाढत नाही. मुलाला हवे असलेले एखादे खरे काम निवडून ते त्याने स्वतः, खऱ्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा करायचे, अशा पद्धतींनी ते वाढते. मालिशने मुलाला बरे वाटत असेल तर ती जरूर करावी, पण रोज तासभर मालिश करणाऱ्या घरात मुलाला स्वतःच्या हाताने पेला उचलायला दहा मिनिटेही मिळत नसतील, तर वेळेची ती वाटणी बदलायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतः हलणे आणि हलवले जाणे यांतील फरक रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांच्या १९६३ सालच्या प्रयोगात विलक्षण स्पष्ट दिसतो. त्यांनी मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या केल्या. जोडीतील एक पिल्लू गोल फिरणाऱ्या दांडीला जोडलेले असून स्वतः चालत असे. दुसरे त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात बसून तेवढेच फिरत असे. दोघांना दिसणारे दृश्य जवळपास सारखेच होते. तरीही चालणाऱ्या पिल्लाला अंतराचा आणि खोलीचा अंदाज नीट येऊ लागला, पाळण्यातल्या पिल्लाला आला नाही. पुढे त्यालाही मोकळे फिरू दिल्यावर ती उणीव भरून निघाली, हे सांगायला हवे. जे मूल चालू शकत नाही आणि सतत कोणाच्या तरी कडेवर किंवा ढकलगाडीत असते, ते पाहते खूप; मात्र कुठे जायचे, कुठे थांबायचे हे त्याने ठरवलेले नसते. म्हणूनच दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही विजेवर चालणारी व्हीलचेअर द्यावी, असा विचार १९८०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला, आणि पुढे तिथल्या डेलावेअर विद्यापीठात असताना कोल गॅलोवे यांनी बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या बॅटरीच्या गाड्यांना मोठे बटण व पाठीला आधार बसवून त्या अशा लहान मुलांच्या हाती दिल्या. चालता येईपर्यंत थांबा आणि मग स्वातंत्र्य द्या, हा क्रम त्यांनी नाकारला.

यासंदर्भात ‘शिकलेली असहायता’ ही कल्पनाही अनेकांच्या कानावरून गेलेली असेल. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये दाखवले की, स्वतःच्या कोणत्याही कृतीने विजेचा झटका थांबत नाही असा अनुभव घेतलेले कुत्रे, नंतर सुटका शक्य असतानाही प्रयत्न करत नाहीत. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, २०१६ मध्ये याच दोघांनी आपला सिद्धान्त जवळजवळ उलटा केला. मेंदूतील यंत्रणेचा अभ्यास केल्यावर त्यांना आढळले की दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासापुढे निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने काहीतरी बदलते’ हे. हे ज्ञान मेंदूच्या पुढच्या भागात घडते आणि तेथून त्या निष्क्रियतेला लगाम घातला जातो. प्राण्यांवरील प्रयोगांतून मुलांविषयी थेट निष्कर्ष काढू नयेत, तरीही शस्त्रक्रिया, इंजेक्शने आणि दुसऱ्यांच्या हातांनी होणारे उपचार यांतच ज्याचे बालपण जाते, त्या मुलाला स्वतःच्या कृतीचा परिणाम दिसेल अशा संधी मुद्दाम निर्माण करून द्याव्या लागतात, एवढे त्यातून निश्चित सुचते.

अशी संधी निर्माण करायला किती वेळ लागतो? अमेरिकेतील एका निवासी संस्थेत जेम्स हॅले आणि सहकाऱ्यांनी केलेला, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तिथे तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली सहा मुले जेवणासाठी ओळीत येत आणि कर्मचारी काही न बोलता त्यांच्या हाती ताट देत. संशोधकांनी एवढाच बदल केला की ताट हातात धरून मुलाकडे पाहत १५ सेकंद थांबायचे. दोन मुले तेवढ्यानेच ताट मागू लागली. आणखी तिघांना, १५ सेकंद झाल्यावर काय म्हणायचे हे बोलून दाखवावे लागले; सहाव्याला जास्त शिकवणी द्यावी लागली. मागायची क्षमता त्यांच्यात बहुतांशी होतीच, पण मागण्याची गरज कोणी पडू दिली नव्हती. पंधरा सेकंद ऐकायला थोडे वाटतात. घड्याळ लावून मुलासमोर गप्प बसून पाहिले की ते किती लांबतात, हे कळते.

नुसते थांबून मात्र प्रत्येक कौशल्य येत नाही. गुंतागुंतीच्या कामासाठी मदत द्यावीच लागते, आणि ती क्रमाने काढून घ्यावी लागते. यासाठी विशेष शिक्षक व ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ) ‘बॅकवर्ड चेनिंग’ नावाची पद्धत वापरतात, तिच्यात काम शेवटून शिकवले जाते. इलॅस्टिकची चड्डी घालण्याचे उदाहरण घेऊ. मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात पाठीला आधार मिळेल असे ठेंगण्या स्टुलावर बसवायचे, दोन्ही पाय चड्डीत आपण घालायचे, त्याला उभे करून चड्डी कंबरेखाली चार बोटांपर्यंत आणायची आणि तिथे थांबायचे. उरलेली चार बोटे चड्डी त्याने ओढायची. हे सहज जमू लागले की आपण मांड्यांपाशी थांबायचे, नंतर गुडघ्यांपाशी, आणि सरतेशेवटी चड्डी फक्त समोर ठेवायची. पहिल्या पायरीपासून शिकवले तर मूल सुरुवात करते आणि काम पूर्ण करतो मोठा माणूस. शेवटून शिकवले तर पहिल्या दिवसापासून काम पूर्ण करणारे मूलच असते, आणि ‘झाले!’ हा आनंद त्याच्याच हालचालीला जोडला जातो. एक बाजू अधू असेल तर कपडे घालताना अधू हातपाय आधी आणि काढताना शेवटी, हा नियम पाळावा. सकाळची घाई टाळून संध्याकाळी गणवेश काढताना हा सराव सुरू करणे अधिक शहाणपणाचे, कारण कपडे घालण्यापेक्षा काढणे मुलांना लवकर जमते.

मदतीचेही प्रकार असतात: हातावर हात ठेवून करून घेणे, करून दाखवणे, बोटाने खुणावणे, तोंडाने सांगणे. तोंडी सूचना सर्वांत हलकी मदत आहे असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तीच सुटायला फार कठीण जाते. ‘आता साबण घे, आता हात चोळ, आता तांब्या उचल’ असे रोज ऐकणारे मूल साबण हातात घेऊन पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे राहते. त्यापेक्षा पाठीमागे उभे राहून, न बोलता त्याच्या कोपराला हलकासा स्पर्श करावा आणि तो स्पर्श दिवसागणिक कमी करत न्यावा, किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर क्रमवार चित्रे लावावीत. चित्राला सांगून कंटाळा येत नाही, आणि ते मुलाबरोबर शाळेतही जाऊ शकते.

साधनांसाठी फार खर्च करावा लागतो असे नाही. चमच्याच्या दांड्यावर सायकलची ट्यूब किंवा स्पंज गुंडाळला की पकड जाड होते, ताटाखाली ओले फडके घातले की ताट सरकत नाही, उभ्या काठाच्या ताटलीत भात काठाला टेकवून उचलता येतो, बटणांच्या जागी वेल्क्रो लावता येते. संवादाची चित्रे किंवा टॅब्लेटवरील ॲप दिले तर मूल बोलायचेच थांबेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. उपलब्ध संशोधनात त्याला आधार सापडलेला नाही. काही मुलांचे बोलणे उलट थोडे वाढलेले आढळले आहे.

राहतो प्रश्न धोक्याचा. मूल पडेल, भाजेल, हरवेल, ही भीती खरी आहे, आणि अपस्मार किंवा गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. परंतु रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवले की, धोका पत्करण्याचाही एक सन्मान असतो आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांपासून तो काढून घेणे हीही इजाच आहे. पेला स्टीलचा द्यावा, अर्धाच भरावा, आणि सांडू द्यावे. पुसायचे फडके त्याच्याच हाती द्यावे, कारण पुसणे हेही कौशल्यच आहे.

ज्या मुलाच्या हातापायांवर त्याचे नियंत्रण जवळपास नाहीच, त्याच्या संदर्भात हे सगळे निरर्थक ठरते का? मुळीच नाही. कपडे दुसऱ्याने घातले तरी कोणते घालायचे, आंघोळ आधी की नाश्ता, घास पुरे झाला की नाही, हे मूल नजरेने किंवा मान वळवून सांगू शकते. मायकेल वेमायर आणि मिशेल श्वार्ट्झ यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळा सोडलेल्या, सौम्य बौद्धिक किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या तरुणांचा वर्षभरानंतर पाठपुरावा केला, तेव्हा शाळेत असताना ज्यांच्यात स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची वृत्ती अधिक आढळली होती, त्यांच्यात पगारी नोकरी करणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. केवळ या एका संबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि तीव्र अपंगत्वाला तो जसाच्या तसा लागूही करता येणार नाही, पण निवड करण्याचा सराव लहानपणी सुरू करण्यात तोटा काहीच नाही. मात्र पर्याय खरा असावा. ‘औषध घ्यायचे का?’ असे विचारून नकारानंतरही ते पाजायचे असेल, तर तो प्रश्न विचारूच नये; ‘चमच्याने घेतोस की वाटीने?’ हे विचारावे, उत्तरासाठी थांबावे, आणि त्याने वाटीकडे पाहिले तर औषध वाटीनेच द्यावे.