सुदानमधला दुष्काळ आणि आपला दुष्काळ, शब्द एकच पण गोष्ट वेगळी

"सुदानमध्ये दुष्काळ" अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यासमोर पटकन काय येतं, भेगा पडलेली जमीन, आटलेली विहीर, टँकरमागे धावणाऱ्या बायका. मग वाटतं वाळवंटी देश आहे, पाऊस नाही, काय करणार बिचारे. मला हे फार लागतं, आणि यात वाचणाऱ्याची चूक नाहीये, घोळ आपल्या शब्दातच आहे. पाऊस गेला, पीक गेलं तरी आपण दुष्काळ म्हणतो आणि माणसं अन्नावाचून मरायला लागली तरी दुष्काळच म्हणतो. इंग्रजीत ड्रॉट वेगळा आणि फॅमिन वेगळं. आपल्याकडे अवर्षण शब्द आहे खरा, पण तो भूगोलाच्या पुस्तकाबाहेर कधी आलाच नाही.

१९७२ चा दुष्काळ घ्या. आमची आजी त्यात खडी फोडायला जायची, लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरी आणि सुकडीच्या गोष्टी सांगायची. पीक गेलं होतं हे खरं, पण सरकारनं कामं काढली, १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या आसपास माणसं त्या कामांवर होती. मजुरी हातात आली आणि धान्य बाहेरून येऊ शकत होतं कारण रस्ते, रेल्वे सगळं चालू होतं. हाल खूप झाले, जनावरं गेली, गावं ओस पडली. पण पाऊस जितका गेला तितकी माणसं गेली नाहीत. म्हणजे ड्रॉट मोठा होता, फॅमिन होऊ दिलं नाही.

सुदानमध्ये बरोबर उलटं झालंय. तिथेही मुख्य अन्न ज्वारीच, आंबवलेल्या पिठाची घावनासारखी पातळ किस्रा करतात, आणि जगात सगळ्यात जास्त ज्वारी पिकवणाऱ्या देशांत सुदान येतो. १५ एप्रिल २०२३ ला लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान यांचं सैन्य आणि हेमेदती यांचं आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, त्याच डिसेंबरमध्ये आरएसएफनं वद मदनी शहर घेतलं, म्हणजे निळ्या नाईलच्या पाण्यावरचा जझिरा प्रांताचा सगळा बागायती पट्टाच लढाईत सापडला. आणि आता हे नीट बघा, २०२४ मध्ये पाऊस चांगला झाला, धान्य २०२३ पेक्षा बरंच जास्त पिकलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये देशाच्या पश्चिमेकडच्या उत्तर दारफुर प्रांतात, घरदार सोडून पळालेल्यांच्या झमझम छावणीत फॅमिन असल्याचं जाहीर झालं! चार-पाच लाख माणसं होती तिथे, त्यातली कितीतरी वीस वर्षांपूर्वीच्या दारफुरच्या लढाईपासून तिथेच राहणारी.

मोजायची पद्धतसुद्धा वेगळी आहे. आपल्याकडे बरीच वर्षं गावाची पैसेवारी ५० च्या खाली गेली की दुष्काळ धरायचे, म्हणजे पीक मोजायचे. फॅमिन ठरवणारी आयपीसी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे (आपल्या जुन्या दंडसंहितेशी तिचा काही संबंध नाही), त्यात पाच पायऱ्या आणि शेवटची फॅमिन. दर पाच घरांमागे निदान एका घरात अन्नाची पराकोटीची टंचाई, १०० तली ३० मुलं तीव्र कुपोषित, आणि रोज दर १०,००० माणसांमागे भुकेनं किंवा भूक आणि आजार मिळून दोन मृत्यू. मुलांचं कुपोषण बघायला दंडाची पट्टीही वापरतात, आपल्या अंगणवाडीत असते तीच, ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलं की मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. म्हणजे फॅमिन जाहीर होतं तेव्हा मरणं आधीच सुरू झालेली असतात, तो पुढच्या धोक्याचा इशारा नसतो. सैन्याच्या बाजूच्या सरकारनं तर हा निष्कर्षच मानला नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या यंत्रणेतून अंग काढून घेतलं.

मदतीचंही तसंच. अवर्षणाला टँकर, चारा छावणी, रोजगार हमी चालते. सुदानमध्ये आधी रस्ता उघडावा लागतो. चाडच्या हद्दीवरचं अद्रे नाकं दारफुरमध्ये धान्य न्यायचा जवळचा मार्ग, ते २०२४ च्या फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत बंद ठेवलं होतं. झमझमजवळच्या एल फाशर या उत्तर दारफुरच्या राजधानीला आरएसएफनं मे २०२४ पासून वेढा घातला, भोवती मातीचा बांध उभारला. जून २०२५ मध्ये तिकडे निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ट्रकवर हल्ला होऊन पाच जण गेले. आत लोक अंबाझ खात होते, म्हणजे भुईमुगाचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, आपण म्हशीला घालतो ती, आणि नंतर नंतर तीही मिळेना. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं.

पैशाची गोष्टही याच्याशीच जोडलेली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी सुदानकरता ४.२ अब्ज डॉलर मागितले होते, त्यातले निम्मेसुद्धा जमले नाहीत. पण जिथे ट्रक पोचत नव्हते तिथे खरं अन्न पोचवत होती वस्तीतली पोरं-पोरी, इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम म्हणतात त्यांना, मोबाईलवर पैसे मागवून जवळच्या बाजारात मिळेल ते धान्य घ्यायचं आणि मोठ्या पातेल्यात शिजवून गल्लीत वाटायचं. या सामुदायिक चुलींना तिकडे तकिया म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि शेकडो तकिया बंद पडल्या, तेव्हा काही बाजारांत ज्वारी होती, फक्त ती विकत घ्यायला पैसे उरले नव्हते.